सातवा बार

भिवटेकडीवरची दगडाची खदान बंद पडून तीस वर्षं झाली. वस्तीतल्या चाळीस झोपड्यांच्या नुसत्या भिंती उरल्या, त्यांतून पळस वर आले, आणि या तीस वर्षांत तिथल्या माणसांची कुणाला आठवण झाली नाही. आता टेकडीवर पर्यटनाचा रस्ता झाला, तशी सगळ्यांना इतिहासाची उबळ आली. पायथ्याशी रंगवलेल्या पत्र्याचा फलक उभा राहिला. उद्घाटनाला पिपरी मेघेहून कोकिळाबाईलाही बोलावलं होतं, जुनी रहिवासी म्हणून. पाहुणे यायला उशीर होता. तोवर तिच्या लेकाने, कैलासने, तिला फलक वाचून दाखवला.

'सुरुंग लावणारे चंद्रभान यांच्या मोजणीतील चुकीमुळे अपघात होऊन तिघांचा मृत्यू झाला. त्यानंतर ही वस्ती ओस पडली.'

चंद्रभान तिचा नवरा. कोकिळाबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"कोनं लिवलं हे?"

"मी लिहिलं, काकू." शोभाबाईचा प्रफुल पुढे आला. तो शाळेत मास्तर होता. "आईनं सांगितलं तसंच लिहिलं."

शोभाबाई, वस्तीतली कोकिळाची शेजारीण, मांडवात खुर्चीवर बसली होती. तिने मान खाली घातली.

खदानीत एक रीत होती. सुरुंग पेटवले की बार मोजायचं काम वस्तीतल्या बायकांचं, कारण जवळच्या पुरुषांच्या कानांना दडे बसायचे. बायका चुलीपुढे बसून एकेका बाराला एक खडा वाटीत टाकत. दगडात सुरुंगासाठी पाडलेली जितकी भोकं तितके बार व्हायलाच हवेत. एक कमी पडला तर तो दगडात जिवंत बसलेला असतो. त्या दिवशी भोकं सात होती. चंद्रभान म्हणाला, सहाच उडाले, कोणी आत जायचं नाही. ठेकेदार म्हणाला, बायकांना विचारा. कोकिळाच्या वाटीत सहा खडे होते, पण ती त्याचीच बायको, तिचं कोण ऐकणार? मग शोभाबाईला विचारलं. ती म्हणाली, सात. ठेकेदाराने दोघांना आत पिटाळलं आणि त्यांना ओढून आणायला चंद्रभान मागून धावला. तेवढ्यात सातवा बार उडाला आणि तिघेही गेले.

शोभाबाई मोजताना चुकली असेल, अशी कोकिळाने तीस वर्षं स्वतःची समजूत घातली होती. आज त्या फलकासमोर ती समजूत टिकेना. ती तरातरा शोभाबाईपुढे जाऊन उभी राहिली.

"खरं सांग शोभाबाई, तुह्या वाटीत किती खडे होते व?"

शोभाबाईच्या डोळ्यांना धार लागली. "सहाच होते. ठेकेदार म्हने, आज काम थांबलं तर झोपडी खाली कर. हा प्रफुल पोटात होता माह्या. कुठं गेली असती मी?"

"तू भेली होती, ते समजते मले. पन मेल्या मानसाच्या माथी काऊन मारलं? तोंड उघडायले तो येनार नाई म्हनून?"

शोभाबाईने तिचा हात धरायला पाहिलं. कोकिळाने तो झिडकारला. एवढ्या वर्षांचा राग असा हात धरून निघत नसतो.

प्रफुल जवळच उभा राहून सगळं ऐकत होता. तो वाकला, एक टोकदार दगड उचलला आणि चंद्रभानच्या नावावर घासू लागला. पाहुण्यांच्या गाड्या वळणावर दिसल्या. कोणीतरी ओरडलं, "मास्तर, हे काय करून राह्यले?" तो थांबला नाही. नाव गेलं, मग चुकीची ती सगळी ओळ गेली.

"आता खरं लिव," कोकिळाबाई म्हणाली. "ठेकेदाराचं नाव लिव. अन् तुह्या मायचंबी लिव."

प्रफुलचा हात थांबला. तो आईकडे पाहू लागला.

"काऊन थांबला?" कोकिळाबाईने विचारलं. "माह्या मानसाचं नाव लिवताना नव्हता थांबला."