बाई ज्या दारात उभी राहील

ब्रिनोवी गाव वेल्समध्ये आणि त्याचं स्टेशन नदीपलीकडे, इंग्लंडमध्ये. गावकऱ्यांना त्याचं काही वाटत नाही. वाटायला हवं होतं ते आम्हा कायदे लिहिणाऱ्यांना.

घरातल्या मारहाणीविरुद्ध लंडनमध्ये नवा कायदा तयार होत होता. निवाऱ्याचा विषय कार्डिफचा, म्हणजे आमच्या वेल्स सरकारचा, म्हणून लंडनने आपलं कलम नदीपाशी थांबवलं. त्यांच्या कामात आपलं नाक नको, म्हणून आम्हीही आमचं तिथेच थांबवलं. दोघेही इतके सभ्य, की आधीपासून मधल्या मध्ये लटकलेली ब्रिनोवीची हेलेद तशीच लटकत राहिली. नवऱ्याने तिचा हात मोडला होता. स्टेशनजवळच्या निवारागृहात खोली रिकामी होती, पण ते म्हणाले, तुम्ही वेल्सच्या, तिकडे विचारा. तिकडे जागा नव्हती. ती लेकीला घेऊन नवऱ्याकडे परत गेली.

हे ऐकून माझी साहेबीण नेरिस प्यू भडकली. तिने लंडनचा कायदा लिहिणाऱ्या क्रिस्पिनसाहेबांना थेट त्या स्टेशनवर बोलावलं, हेलेदलाही.

"नेरिसबाई, बाकड्यावर बैठक? निदान एखादी खोली तरी..."

"खोलीच तर मिळत नाहीये, साहेब. बसा."

क्रिस्पिनसाहेब अधिकार, संमती, हद्द असं बराच वेळ बोलले. हेलेदने ऐकून घेतलं आणि ती उठली.

"मी कुठल्या सरकारची, ते तुम्ही सावकाश ठरवा. तो पाचला घरी येतो. मला निघायला हवं."

साहेबांचा चेहरा उतरला. त्यांनी तिथेच कलम लिहिलं: बाई ज्या दारात उभी राहील, त्या दाराने तिला आत घ्यावं, खर्चाचं दोन्ही सरकारं मागाहून बघतील. माणूस मनाने चांगला निघाला.

पण दोन्हीकडे हेच कलम हवं, तर नेरिसला आमचं खास वेल्सचं कलम मागे घ्यावं लागणार होतं. तीन वर्षं खपून तिनेच लिहिलेलं.

"लंडनपुढे नांगी टाकली म्हणतील," मी म्हटलं.

"म्हणू देत. ती बाई पाचच्या आत घरी धावतेय, आणि मी माझं कलम कुरवाळत बसू?"

तिने त्यावर रेघ मारली. मग कार्डिफच्या सभागृहाची संमती मिळावी म्हणून एकेका आमदाराला गाठलं, टोमणे खाल्ले, आणि मिळवली. माझ्याच्याने हे झालं नसतं. तिच्या हाताखाली काम केलं याचा मला अभिमान वाटतो.

कायदा लागू झाला त्याच आठवड्यात हेलेदचा फोन आला. ती लेकीला घेऊन पूल ओलांडून त्या निवारागृहात गेली होती.

"काय विचारलं त्यांनी?" नेरिसने धास्तावून विचारलं.

"चहात दूध किती घालू, एवढंच."