बिनखिळ्याचा जोडा

मी एक जुनी मशीन आहे, मित्रांनो. शिवायचीच मशीन, पण माझ्यावर कधी झबलं शिवलं गेलं नाही की परकर शिवला गेला नाही. मी चामडं शिवते, रबर शिवते, जाड पट्टे शिवते. माझी मान लांब आणि निमुळती आहे, कारण मला जोड्याच्या आत शिरून टाका घालावा लागतो. उजव्या बाजूला हाताने फिरवायचं चाक आहे. साकोलीच्या बाहेर, महामार्गापासून थोडं आत, एका लहानशा दवाखान्याच्या ओसरीवर मी चाळीस वर्षांपासून उभी आहे.

माझा जन्म मात्र इथला नाही. नॉर्वे नावाच्या थंड देशात एका कारखान्यात मला ओतलं, घासलं आणि काळा रंग दिला. समुद्रकाठच्या एका गावातल्या चांभारदादाने मला विकत घेतलं. तिथे मी कोळ्यांचे मोठे बूट शिवले. त्या चांभाराचा मुलगा आर्ने माझ्याच शेजारी स्टुलावर बसून धंदा शिकला. पुढे त्याचं लग्न सोल्वेग नावाच्या परिचारिकेशी झालं, आणि त्यांना मारित नावाची मुलगी झाली.

आर्ने आणि सोल्वेग मिशनरी झाले, म्हणजे आपल्या श्रद्धेपोटी घर सोडून परमुलखात सेवेला निघाले. त्यांच्या चर्चने त्यांना भंडारा जिल्ह्यातल्या या दवाखान्यात पाठवलं. सामानासाठी एकच मोठी पेटी होती. सोल्वेगला आईने दिलेल्या काचेच्या बशा न्यायच्या होत्या. आर्नेने त्या बाहेर काढल्या आणि मला आत ठेवलं. सोल्वेगने बशा शेजारणीला देऊन टाकल्या आणि माझ्याभोवती आपली लोकरीची चादर गुंडाळली.

माझी एवढी गरज का होती, ते सांगते. या दवाखान्यात कुष्ठरोगाने पाय बधिर झालेली माणसं येत. गोळ्यांनी रोग बरा व्हायचा, पण पायांची गेलेली जाणीव परत यायची नाही. काटा रुतला, खडा टोचला, तरी कळायचं नाही. अशा पायांना खिळे मारलेला जोडा चालत नाही. खिळा वर आला तर माणूस त्याच्यावरच दिवसभर चालत राहतो. म्हणून तळाला टायरचं रबर, वर मऊ काळं रबर, रुंद पट्टे, टाचेमागे एक पट्टा, आणि सगळं शिवलेलं. एकही खिळा नाही.

दवाखान्यामागच्या दोन खोल्यांत या कुटुंबाचा संसार सुरू झाला. पहिल्या मे महिन्यात तिघंही ओल्या चादरी अंगावर घेऊन झोपत. जेवणाआधी हात जोडून प्रार्थना करत, रविवारी ओसरीवर आठ-दहा माणसांत उपासना होई, आणि सोमवारी सकाळी सातला आर्ने माझ्यापुढे बसे. सोल्वेगचं नाव लोकांना जमेना, म्हणून ती सोलबाई झाली. मारित सहा वर्षांची होती. वर्षभरात ती इथल्या पोरांसारखीच बोलू लागली. शाळेत पोरं विचारत, "मारीत? कोणाले मारीत?" ती हसून म्हणे, "तुले मारीत."

सगळंच हसण्यासारखं नव्हतं. दुसऱ्या वर्षी सोल्वेगची आई वारल्याचं पत्र आलं, तेव्हा तिकडे सगळं आटोपून वीस दिवस झाले होते. सोल्वेगने ते पत्र माझ्या टेबलापाशी बसून तीनदा वाचलं. मग ती उठली, तोंड धुतलं आणि जखमा बांधायला गेली. त्या दिवशी आर्नेने तिच्या हाताखाली पाणी तापवायचं काम केलं. जोडे शिवले नाहीत.

आर्नेने माझं काम तेजरामला शिकवलं. तेजराम अड्याळचा, रोगातून बरा झालेला, पण त्याची बोटं आत वळलेली होती. माझ्या चाकाची मूठ त्याला धरता येईना. आर्नेने सागाचा जाड गोळा कोरून तिथे बसवला, आणि तेजराम तळहाताने चाक फिरवू लागला. त्याचे टाके आर्नेपेक्षा सरळ येत. आर्ने हे सगळ्यांना सांगे.

मित्रांनो, आता गिरजाबाईची गोष्ट ऐका. ती दिघोरीची. रोवणीच्या दिवसांत बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, धान लावायला जाई. एकदा धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, बाभळीचा काटा तळपायात घुसला. ती दोन दिवस तशीच चालली. सारवलेल्या अंगणात रक्ताची पावलं दिसली, तेव्हा तिला कळलं. सोलबाईने तीन आठवडे ठेवून घेऊन जखम भरून आणली. तेजरामने जोडा शिवला. जाताना गिरजाबाईने विचारलं, "बाई, तुमच्या देवाले मानलं तरच जोडा भेटते का?"

सोलबाई म्हणाली, "ज्याचे पाय बधिर हायेत, त्याले भेटते."

दोन महिन्यांनी ती परत आली. जखम पुन्हा फुटली होती. आणखी चार महिन्यांनी पुन्हा. नागपूरच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की आता जखम हाडापर्यंत गेली, तर पाय कापावा लागेल. जोडा मात्र नव्यासारखा कोरा होता. तेजराम तो हातात घेऊन बघत बसला. कोणाला काही समजेना.

समजलं ते मारितला. ती तेव्हा दहा वर्षांची होती. शाळेतून येताना तिने पाहिलं, की दवाखान्याच्या फाटकाबाहेर पडताच गिरजाबाईने जोडे काढून पिशवीत टाकले आणि अनवाणीच एस.टी.कडे निघाली.

"काहून काढले, मावशी?"

"लोक पायाकडं पायत नाईत, बाई. जोड्याकडं पायतेत. हा काळा जोडा दिसला का वळखतेत, ही रोगी हाये म्हणून. मंग पंक्तीत कोणी बाजूले बसत नाई."

त्या संध्याकाळी मारित माझ्यापाशी आली, वडिलांना हे सगळं सांगून म्हणाली, "मला असाच जोडा शिवून द्या. काळा. मी तो शाळेत घालून जाणार."

घरात ती माणसं आपल्या भाषेत बोलत. मला ती समजते. आर्ने म्हणाला, "तुला त्याची गरज नाही."

"मला गरज नाही म्हणूनच."

आर्नेने सोल्वेगकडे पाहिलं. सोल्वेग म्हणाली, "इथे यायचं आपण ठरवलं. हिने नाही ठरवलं. शाळेत काय होईल, ते हिला एकटीला सोसावं लागेल."

"मग हे मी ठरवते," मारित म्हणाली.

शेवटी आर्नेने कागदावर तिचा पाय ठेवून पेन्सिलीने माप घेतलं. चाक तिने स्वतः फिरवलं. मी आजवर हजारो जोडे शिवले, पण त्या जोड्याचा प्रत्येक टाका मला आठवतो.

शाळेत जे व्हायचं ते झालं. तिची जिवाभावाची मैत्रीण मंजुषा. तिला घरच्यांनी दुसऱ्या बाकावर बसायला सांगितलं. डबा खाताना मारितभोवती जागा रिकामी राहू लागली. कोणीतरी म्हटलं, दवाखान्यातला रोग पोरीला लागला. मारित घरी येई, जोडे पुसून ओसरीवर ठेवी आणि माझ्या टेबलाखाली बसून गृहपाठ करी. दोन-तीनदा वहीवर पाणी पडलेलं मी पाहिलं. पण सकाळी ती तेच जोडे घालून निघे.

महिना झाला. आर्नेचा धीर सुटू लागला. दूर डोंगरात परदेशी मिशनऱ्यांच्या मुलांसाठी एक निवासी शाळा होती. त्याने तिथे पत्र लिहिलं आणि बाजारातून एक पत्र्याची ट्रंकही आणली. मारितने ट्रंक पाहिली.

"मी गेले तर सगळे म्हणतील, खरंच होतं. आणि मग गिरजामावशी तो जोडा कधीच घालणार नाही."

"आणि तू?" सोल्वेगने विचारलं. "तुझं काय?"

"मला रडू येतं," मारित म्हणाली. "पण मी जाणार नाही."

सोल्वेगने त्या ट्रंकेत जखमा बांधायच्या पट्ट्या भरून ठेवल्या. आर्नेने दुसरं पत्र लिहिलं, नाही म्हणून.

त्यानंतर एके दिवशी मंजुषाचे आजोबा सेवकराम सेठ स्वतः आले. साकोलीत त्यांचं कापडाचं दुकान होतं, अख्खा बाजार त्यांना ओळखायचा. ते काठी टेकत, लंगडत ओसरीवर चढले आणि उभ्यानेच म्हणाले, "साहेब, तुमची पोरगी चांगली हाये. पण हा जोडा घालून तिनं आमच्या घरी येऊ नये. आमची मंजुषा दोन दिवसांपासून जेवून नाई राहिली. तिले असाच जोडा पायजे म्हणते. हे काय लावलं तुम्ही?"

आर्नेचं मराठी मोडकंतोडकं होतं. तो म्हणाला, "बसा. तुमचा पाय दुखते?"

"टाच दुखते. चार वर्षं झाले. त्याचं काय?"

आर्ने खाली बसला, सेठचा पाय उचलून त्याने आपल्या मांडीवर घेतला आणि अंगठ्याने टाच दाबत गेला. सेठ पाय ओढून घेणार होते, पण दुखरी जागा सापडली तसे ते थांबले. तेजराम दारात उभा राहून बघत होता.

"हे रोगी लोकायचेच जोडे ना?" सेठनी हळूच विचारलं.

"रोगाचे नाही," आर्ने म्हणाला. "पायाचे."

सेठचं लक्ष तेजरामच्या वळलेल्या बोटांकडे गेलं. "हे शिवते कोण?" त्यांनी विचारलं. आर्नेने तेजरामकडे बोट दाखवलं. सेठनी दुसराही पाय पुढे केला. "मंग घे बापू माप," ते तेजरामला म्हणाले. "जमते का पाहू."

आठ दिवसांनी सेवकराम सेठ काळे जोडे घालून दुकानाच्या पायरीवर बसले. आठवडी बाजारचा दिवस होता. कोणी विचारलं तर म्हणत, "टाच दुखत नाई आता. तुले कायले पंचायत?" मंजुषाचा जोडा त्यानंतर चार दिवसांनी झाला, आणि ती पुन्हा मारितच्या बाकावर बसू लागली. हे सगळं मला तेजरामने सांगितलं. तो मुद्दाम बाजारात जाऊन बघून आला होता.

गिरजाबाईनेही पाहिलं. पुढच्या खेपेला ती जोडे पायात घालूनच फाटकातून आत आली. माझ्यापुढे उभी राहून म्हणाली, "तेजरामभाऊ, काळा पट्टा नको. लाल लाव. सेठच्यासारखा नाई, माह्या पसंतीचा."

तेव्हापासून मी लाल, हिरवे, निळे पट्टे शिवले. गिरजाबाई पुढे बांधीत उतरली नाही, धुऱ्यावर बसून पऱ्ह्यांच्या, म्हणजे धानाच्या रोपांच्या, पेंड्या बांधायची. तिचा पाय वाचला. गावोगावची माणसं येऊ लागली. पाहुणे मला बघायला येत, माझे फोटो काढत. खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं.

मारित मोठी होऊन शिकायला नॉर्वेला गेली. काही वर्षांनी आर्नेचं हृदय थकलं आणि त्या दोघांनाही परतावं लागलं. आर्नेने मला तेल दिलं, माझ्या मानेवर हात ठेवला आणि तेजरामला म्हणाला, "ही तुझी." सोलबाई गाडीत बसेपर्यंत रुग्णांना पाय धुवायला सांगत होती.

तेजरामने मला आणखी सहा वर्षं चालवलं. मग त्याची नजर गेली. तयार जोडे मिळू लागले. लोक म्हणाले, तो रोग आता राहिलाच नाही. मला कोपऱ्यात सरकवलं. माझ्यावर धानाची पोती रचली. सागाच्या मुठीला वाळवी लागली. कितीतरी पावसाळे मी चाक न फिरवता काढले, मित्रांनो. गंज कसा चढतो ते ज्याला चढतो त्यालाच कळतं.

गेल्या हिवाळ्यात मारित आली. ती आता नॉर्वेत फेरीबोट चालवते, केस पिकायला लागलेत. वडील गेल्याचं तेजरामला सांगायला ती एवढ्या लांब आली होती. तेजरामने चाचपत तिचा हात हातात घेतला. मग म्हणाला, "मशीन पाह्यली का?"

तेजरामची मुलगी रुचिका याच दवाखान्यात परिचारिका आहे. तिने आणि मारितने पोती हलवली. रॉकेलने माझा गंज सोडवला. रुचिका म्हणाली, "रोग राहिला नाई म्हणतेत, पण नवे पेशंट अजून येऊन राहिले. अन् साखरेच्या रोगानं पाय बधिर झालेले तर घरोघरी हायेत. तयार जोडा सगळ्याच पायाले नाई बसत."

"तुले शिवता येते?" मारितने विचारलं.

"बाबानं शिकवलं थोडं."

"मंग बस."

पहिला दोरा तीनदा तुटला. चौथ्यांदा टाका बसला. तेजरामने बोटाने चाचपून पाहिलं आणि म्हणाला, "वाकडा हाये. उसव अन् पुन्हा घाल." रुचिकाने उसवला आणि पुन्हा घातला.

मागच्या महिन्यात एक सद्गृहस्थ आले होते. मला काचेच्या कपाटात ठेवून माझ्यासमोर माहितीची पाटी लावावी, असं त्यांचं म्हणणं. रुचिका चाक फिरवत म्हणाली, "सोमवारी तीन जोडे द्यायचे हायेत, साहेब. तिले वेळ नाई."

मित्रांनो, म्हणूनच मी तुमचाही फार वेळ घेत नाही. एवढंच करा. आपल्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांचे तळपाय रोज एकदा हातात घेऊन बघा. त्यांना न कळलेली जखम तुम्हाला दिसेल. कोणाच्या पायात वेगळा जोडा दिसला, तर सरकून त्याच्या शेजारी बसा. आणि घरातलं एखादं जुनं यंत्र कोपऱ्यात ढकलण्याआधी त्याला दोन थेंब तेल देऊन पाहा. कदाचित त्याचं काम संपलेलं नसेल. माझं तर नाहीच संपलेलं.

रुचिका आली. नवा दोरा ओवतेय.