लोकरीच्या काट्यावर

रोज सकाळी चहाच्या आधी गुलझिना आपल्या सासूला लोकर जोखायच्या काट्यावर उभं करी. काटा सामुदायिक शेतीच्या काळातला, लोखंडी आणि ऐसपैस. ती शेती मोडली तेव्हा गावानं हाताला लागेल ते उचललं. कुणाला ट्रॅक्टर मिळाला, कुणाला खिडक्या. गुलझिनाच्या सासऱ्यांना हा काटा मिळाला, आणि त्यांनी तो पुढची वीस वर्षं कोंबड्यांना बसायला दिला.

"किती?" म्हातारी बुरुलकान विचारी.

"एकसष्ट, एने."

"कालही एकसष्टच होते. तुझ्या हातचं अळणी खाऊन माणूस वाढणार तरी कुठून?"

आकडा खडूनं गोठ्याच्या दारावर लिहिला जाई. कुंपणापलीकडची म्हातारी कालबूबू हा सोहळा न चुकता पाही. "काय गं गुलझिना, सासू बाजारात न्यायचीय का?" ती विचारी. "मेंढीसुद्धा आम्ही विकायच्या आदल्या दिवशीच जोखतो."

कारा-तोर गावात आईवरची माया मोजायचं माप वेगळं होतं. बटाटे निघाले, कळप डोंगरावरून खाली उतरले, की मुलांनी आईला जिल्ह्याच्या इस्पितळात दहा दिवस 'निजवायचं'. आजार असलाच पाहिजे असा आग्रह नसे. दहा दिवस सलाईन, नातलगांच्या रांगा, डबे भरभरून घोड्याचं मांस आणि खारट रस्सा. ज्या म्हातारीला निजवलं नाही, तिची मुलं कपाळकरंटी. डॉक्टरांनी एकदा "गरज नाही" म्हणून पाहिलं होतं. त्यांच्याविरुद्ध तीन तक्रारी गेल्या. तेव्हापासून तेही मुकाट्यानं बाटली टांगत.

बुरुलकानचं हृदय थकलेलं होतं. दोन वर्षांपूर्वीच्या शरदात ती चालत गेली आणि सुजलेल्या पायांनी परत आली; महिन्यात पुन्हा दाखल. गेल्या शरदात परतली ती पाठीला जखम घेऊन, आणि वसंतापर्यंत उठली नाही. "इस्पितळ नसतं तर काय झालं असतं," असं गावानं सुस्कारे टाकत म्हटलं. काय झालं असतं, याचा विचार फक्त गुलझिनानं केला, कारण ती जखम रोज तीच धूत होती.

मार्चमध्ये आरोग्यकेंद्राची अनारकुल सिस्टर आली. तिनं जखमेकडे पाहिलं, मग रीतीप्रमाणे चहात मीठ टाकणाऱ्या गुलझिनाकडे पाहिलं, आणि पाऊण तास बोलली. हृदयाच्या डॉक्टरकडून तिनं एक कागद लिहून आणला: रोज वजन, मीठ बंद, अंगातलं पाणी उतरवायची गोळी अर्धी, आणि वजन चढलं, म्हणजे पाणी साचलं, तर काय करायचं. तेव्हापासून बुरुलकाननं इस्पितळ पाहिलं नव्हतं. फाटकापर्यंत चालण्याइतका आणि सुनेला टोमणे मारण्याइतका दम परत आला होता. यापेक्षा भक्कम पुरावा गुलझिनाला नको होता.

आज काटा त्रेसष्टावर थांबला.

तिनं सासूला उतरवून पुन्हा चढवलं. त्रेसष्टच. परवा एकसष्ट, काल बासष्ट; तीन दिवसांत दोन किलो. आणि नेमका आज दुपारी थोरला दीर मेदेरबेक राजधानीहून येणार होता, आईला निजवायला.

तिनं कागदाप्रमाणे गोळी अर्धीऐवजी एक दिली आणि सिस्टरला फोन लावला.

"आडवं झाल्यावर दम लागतोय?"

"नाही."

"छातीत दुखतंय? ओठ निळे?"

"नाही. रात्रभर घोरत होत्या."

"मग दुपारपर्यंत येतेच मी. तोवर काय खाल्लंय ते शोध."

गुलझिनानं चहा चाखला, पिठाचा डबा पाहिला, पावाचा तुकडा जिभेवर ठेवला. मीठ कुठेच नव्हतं. चुलीपासून फाटकापर्यंत आणि फाटकापासून चुलीपर्यंत तिच्या किती फेऱ्या झाल्या देव जाणे. दर फेरीला वाटे, न्यावंच का? मग ती जखम आठवे. मग दोन किलो आठवत.

मेदेरबेक आला तेव्हा दारात अर्धं गाव जमलं होतं. माणूस वाईट नव्हता. वर्षातून दोनदा येई आणि दोन्ही वेळा आईकडे पाहून त्याचे डोळे भरत.

"खिडकीजवळची खाट मिळवलीय, आई," तो म्हणाला. "दहाच्या जागी बारा सलाईन. चल, कोट घाल."

गुलझिनानं खुंटीवरचा कोट काढून झटकला, आणि खिशातून गारगोट्यांसारखं काहीतरी टपटप खाली पडलं. कुरुत. खारवून वाळवलेल्या दह्याचे गोळे, मूठभर. कोंबड्या धावल्या.

"हे कुणी दिलं, एने?"

बुरुलकाननं कालबूबूकडे पाहिलं. कालबूबूनं डोंगराकडे पाहिलं. "अळणी खाऊन जीव विटला होता बिचारीचा," ती डोंगराला म्हणाली.

वजन का वाढलं ते कळलं होतं. घरात येऊन गुलझिनाला अठरा वर्षं झाली होती. नवऱ्याच्या थोरल्या भावाचं नाव तिच्या तोंडून कधी निघालं नव्हतं, तो नुसता 'बाइके', म्हणजे दादा; त्याच्यासमोर मान वर झाली नव्हती. आज झाली.

"बाइके, एने जाणार नाहीत."

मेदेरबेक धाकट्या भावाकडे वळला. "तालाय, तुझी बायको काय म्हणतेय?"

"मला ऐकू आलं," तालाय म्हणाला. त्याच्या आयुष्यातलं हे सर्वांत मोठं बंड होतं.

"आणि उद्या काही झालं तर?"

"तर गाव माझ्या नावानं थुंकेल. सून म्हणून मी ते पुसून घेईन. पण गेल्या दोन्ही वर्षी झालं, तेव्हा गाव कुणाच्या नावानं थुंकलं, बाइके?"

फाटक वाजलं. अनारकुल सिस्टर चिखलाचे बूट काढत आत आली, तिनं म्हातारीला आडवं केलं, पाठीला नळी लावून ऐकलं, घोट्यावर अंगठा दाबून पाहिला.

"छाती स्वच्छ आहे. गोळी लागू पडेल. न्यायची वेळ आली तर मीच गाडी बोलावेन, तुमची वाट पाहणार नाही. आज ती वेळ नाही."

"सलाईननं ताकद येते, सिस्टर."

"हिच्या हृदयाला आहे तेच पाणी उपसत नाही, आणि तुम्ही वरून बारा बाटल्या ओतणार."

"लोक काय म्हणतील?" मेदेरबेक हळूच म्हणाला. एवढ्या वेळात तो पहिल्यांदा खरं बोलला होता.

"मेदेर," बुरुलकान म्हणाली, "वसंतापासून मी माझ्या पायांनी संडासला जातेय. लोकांना सांग, म्हातारीला एवढं पुरतं."

खाट मात्र ठरलेली होती, आणि ठरलेली खाट सोडणं कारा-तोरच्या रक्तात नव्हतं. कालबूबूचा मुलगा पुढे झाला. "आमच्या आईला नेलं तर? दोन वर्षं राहूनच गेलंय."

"तुम्हाला काय होतंय, एजे?" सिस्टरनं विचारलं.

"काही नाही. पण म्हणून मुलांनी काहीच करायचं नाही का?" कालबूबू म्हणाली, आणि नवा रुमाल बांधायला लगबगीनं घरी गेली. वडीलधाऱ्यांनी हात उंचावून आशीर्वाद दिले. गाडीच्या काचेतून तिनं गुलझिनाकडे असं पाहिलं, की सासूला जोखणाऱ्या सुनेनं लाजावं.

दुसऱ्या सकाळी काटा साडेएकसष्टावर आला, तिसऱ्या सकाळी एकसष्टावर.

बाराव्या दिवशी कालबूबू परतली, चौघांनी धरलेल्या घोंगडीतून. तिथल्या खोलीत खोकला पसरला होता. तो छातीत उतरला, आणि खाटेवर पडून पडून पायांतली ताकद गेली. दारात लोक तिच्या मुलाची पाठ थोपटत होते. "केलंस हो आईचं. काही बाकी ठेवलं नाहीस."

गुलझिनानं ते ऐकलं. मग गोठ्यात जाऊन तिनं तालायला काट्याचं दुसरं टोक धरायला लावलं, आणि दोघांनी तो कुंपणाला वळसा घालून कालबूबूच्या अंगणात नेऊन ठेवला. बुरुलकान आता रोज सकाळी तिथवर चालत येणार होती. मुलाची परवानगी तिनं विचारली नाही. तिनं गरम पाणी मागून घेतलं, म्हातारीला कुशीवर वळवलं आणि पाठ तपासली. कातडी लाल होती, पण अजून फुटली नव्हती.

कालबूबूनं भिंतीकडचं तोंड वळवलं. मग उघड्या दारातून तिला अंगणातला काटा दिसला.

"माझं किती भरेल गं?"

"उद्यापासून दोन पावलं टाकायची," गुलझिना म्हणाली. "त्यावर उभ्या राहिलात की सांगते."