दादाने ऐकून पास केलेला टेम्प्लेट

मित्रांनो, मी एक जुना टेम्प्लेट आहे. वेबसाइटचा टेम्प्लेट. एखाद्या दुकानाची किंवा शाळेची वेबसाइट उघडलीत की तुम्हाला नाव दिसते, फोटो दिसतात, पत्ता दिसतो. पण नाव कुठे बसवायचे, त्याच्या खाली काय यायचे, फोटोने किती जागा अडवायची, हे सगळे आधीच ठरवून ठेवणारा सांगाडा म्हणजे मी. कपडे दुसऱ्याचे, हाडे माझी. हाडांचे कौतुक करायला कोणी येत नाही, म्हणून ते काम आज मी स्वतःच करणार आहे. थोडी बढाई कानावर पडली तर सांभाळून घ्या.

माझा जन्म इस्त्रीच्या दुकानावरच्या एका खोलीत झाला. खोलीत एक टेबल, दोन खुर्च्या आणि खालून येणारा गरम कपड्यांचा वास. एका खुर्चीवर ताई बसायची. वेबसाइट बनवणे हा तिचा व्यवसाय. दुसऱ्या खुर्चीवर तिचा थोरला भाऊ, दादा. दादाला जन्मापासून दिसत नाही. त्याच्या कॉम्प्युटरवर वाचून दाखवणारा एक प्रोग्रॅम आहे. पानावर जे लिहिले असेल ते तो खड्या आवाजात दादाला सांगतो.

त्या घराची एक रीत होती. ताईने काही नवे बनवले की ते आधी दादापुढे जायचे. तो मान एका बाजूला कलती करून ऐकायचा. कुठे अडले की जिभेने नुसते ‘च्च’ करायचा. तो ‘च्च’ आला की ताईचे पुढचे दोन दिवस गेलेच म्हणून समजा.

माझ्या वाट्याला एकोणीस वेळा ‘च्च’ आला. पहिल्याच दिवशी दादा म्हणाला, “अगं, हे दुकान कशाचं आहे ते मला चौथ्या वाक्यात कळतंय. तोवर मी उठून गेलो असतो.” ताईने मुकाट्याने मोठे शीर्षक सगळ्यांत वर आणले आणि त्याखाली लहान शीर्षके ओळीने लावली. मग दादाला कळले की माझ्या सगळ्या पानांचे नाव एकच आहे. “घरातल्या सगळ्या पोरांना ‘बाळ’ म्हणून हाक मारल्यासारखं झालं हे. कोण ओ देणार?” तेव्हापासून माझ्या प्रत्येक पानाला स्वतःचे नाव मिळाले. आणि चित्रांपाशी तर त्याने तिला रडकुंडीला आणले. “इथे तो नुसता ‘चित्र’ म्हणतो. कशाचं चित्र?” शेवटी ताईने माझ्यात अशी सोय केली की चित्रासोबत त्याचे दोन ओळींचे वर्णन लिहिल्याशिवाय ते पानावर चढतच नसे.

विसाव्या वेळी ‘च्च’ आला नाही. दादा शेवटपर्यंत ऐकत राहिला आणि म्हणाला, “आता याच्यात मी हरवत नाही.” लोक पदके मिरवतात. मी हे वाक्य मिरवतो.

आता शोधयंत्राबद्दल सांगतो. ज्याला सगळे सर्च इंजिन म्हणतात, तेच. तुम्ही चार शब्द टाइप करता आणि ते वेबसाइटची यादी समोर ठेवते. पण ही यादी काही आयत्या वेळी बनत नाही. शोधयंत्राचा एक प्रोग्रॅम सतत गावोगावच्या वेबसाइट वाचत हिंडत असतो. मी त्याला फिरस्ता म्हणतो. आणि यातली गंमत अशी की फिरस्त्यालाही आपल्यासारखे दिसत नाही. रंग, झगमगाट, सरकणारी चित्रे यांचे त्याला काडीचे कौतुक नाही. चित्रात रंगवलेली अक्षरे त्याला लागली तर लागली, त्यांचा भरवसा नाही. तो शीर्षक वाचतो, पानाचे नाव वाचतो, मजकूर वाचतो आणि पान उघडायला फार वेळ लागला की कंटाळतो. म्हणजे दादाच म्हणा ना. ताईने मला शोधयंत्रासाठी बनवलेच नव्हते, तिने मला भावासाठी बनवले होते. ते दोन्हीकडे उपयोगी पडले.

मला पहिले घर मिळाले ते बूटवाल्या काकांचे. काकांचे काम वेगळे होते. ज्यांचा एक पाय दुसऱ्यापेक्षा आखूड असतो अशा लोकांसाठी ते बूट बनवत. आखूड पायाच्या तळाखाली मापाने थर चढवायचा, म्हणजे माणूस सरळ उभा राहतो. प्रत्येक गिऱ्हाइकाच्या पायाचा लाकडी साचा ते स्वतः कोरत. त्यांच्या धंद्यात त्याला फर्मा म्हणतात. भिंतभर फळ्यांवर असे दोनशेच्या वर फर्मे होते, प्रत्येकावर आकडा. असे बूट लागणारी माणसे एका गल्लीत दोन मिळणे कठीण. ती दूरदूर विखुरलेली असतात आणि त्यांनी दुकान शोधून काढले तरच दुकान चालते.

ताई त्यांना टेम्प्लेट म्हणजे काय ते समजावू लागली, तेव्हा काकांनी एक फर्मा उचलून तिच्यासमोर धरला. “म्हणजे हा. लोक चामडं बघतात, शिलाई बघतात. पण बूट आकार घेतो तो याच्यावर. हा चुकला की चामडं कितीही भारी असू दे, बूट चावणारच.” माझे इतके चोख वर्णन त्याआधी कोणी केले नव्हते. त्या दिवसापासून मी काकांचा झालो.

काही महिन्यांत ‘आखूड पायाचे बूट’ असे शोधले की यादीत काकांचे दुकान सगळ्यांत वर येऊ लागले. एके दिवशी एक शिक्षिका आल्या, दोन तासांचा प्रवास करून. “फळ्यावर चार ओळी लिहिल्या की कंबर धरायची,” त्या म्हणाल्या. “शेवटी शोधून बघितलं, तर पहिलं नाव तुमचंच.” काकांनी त्यांच्यासाठी फर्मा कोरला, आकडा दोनशे चौदा. बूट तयार झाल्यावर त्या दुकानात या टोकापासून त्या टोकापर्यंत तीनदा चालल्या आणि भिंतीचा आधार न घेता खुर्चीपाशी येऊन उभ्या राहिल्या. मला छाती असती तर ती त्या दिवशी फुगली असती.

अशी नऊ वर्षे गेली. पुढे माझे दिवस फिरले, आणि खोटे कशाला बोलू, त्यात माझीही चूक होती. मी रुंद पडद्यासाठी घडलो होतो. लोकांच्या हातात फोन आले आणि फोनवर माझी अक्षरे मुंग्यांएवढी दिसू लागली. वाचणाऱ्याला पान डावीकडे सरकवा, उजवीकडे ओढा, अशी कसरत करावी लागे. लोक वैतागून निघून जात. शोधयंत्रालाही फोनवर नीट न दिसणारे पान रुचत नाही. मी पहिल्या नंबरावरून सातव्यावर घसरलो आणि तिथून यादीच्या दुसऱ्या पानावर. मला दुरुस्तीची गरज होती, पण ते कोणाच्या ध्यानात आले नाही. ज्याला स्वतःचा एवढा अभिमान, त्याने तोंड कसे उघडावे?

त्याच सुमारास काकांची इमारत पाडायची ठरली. दुकान मागच्या तिसऱ्या गल्लीत गेले, फोन नंबरही बदलला. नव्या दुकानाला नवी वेबसाइट हवी म्हणून काकूंच्या भावाने ते काम अंगावर घेतले. सगळे त्याला पेंटरच म्हणत. दुकानांच्या पाट्या रंगवणारा, हाताने अक्षर काढणारा माणूस. छापील पाट्या आल्यापासून त्याचे ब्रश वाळत पडले होते. त्याने भिंतीएवढी चित्रे सरकवणारा एक चकाचक टेम्प्लेट निवडला. त्यात चित्रांना जागाच जागा आणि मजकुराला ओळभरही नाही.

“मजकूर हवाय कशाला?” पेंटर म्हणाला. “पाट्या मी रंगवतो.”

त्याने सात पाट्या रंगवल्या. लाल रंग, पिवळी कड, वळणदार अक्षरे. दुकानाचे नाव, कामाची माहिती, मापाची रीत, वेळ, नवा पत्ता, नवा फोन, सगळे पाट्यांवर. त्यांचे फोटो काढून वेबसाइटवर चढवले. नव्या टेम्प्लेटनेही चित्राचे वर्णन विचारले होते, पण रिकामे सोडले तरी त्याची हरकत नव्हती. पेंटरने रिकामे सोडले. मला ‘जुने’ नावाच्या फोल्डरमध्ये टाकले. पाट्या सुंदर होत्या, हे मी जळफळत का होईना, कबूल करतो. काकांचे डोळे भरून आले. मेहुण्याच्या हाताला पुन्हा काम मिळाले याचाच त्यांना जास्त आनंद होता. पण दुकानाचा पत्ता आता फक्त रंगात उरला होता, आणि ते कोणाच्याच लक्षात आले नाही.

मग शांतता पसरली. जुनी गिऱ्हाइके जुन्या गल्लीत जात आणि विटांचा ढीग बघून परत फिरत. नवी माणसे शोधत, त्यांना यादीत काका सापडतच नसत. आठ महिने असे गेले. काकांना वाटले, लोकांना आता आपली गरज उरली नाही. त्यांनी दुकान बंद करायचे ठरवले. सुताराला निरोप गेला की येत्या एक तारखेला येऊन फर्मे घेऊन जा, लाकूड चांगले आहे.

दादाला एक सवय आहे. आमच्या घरात बनलेल्या वेबसाइट तो अधूनमधून उघडून ऐकतो, लग्न होऊन गेलेल्या बहिणीची खुशाली विचारावी तसा. त्या दिवशी त्याने काकांची वेबसाइट उघडली. प्रोग्रॅम म्हणाला, “चित्र. चित्र. चित्र.” सात वेळा. दादाने ‘च्च’ केले नाही. ताईला जवळ बोलावून तो म्हणाला, “अगं, काकांचं दुकान मुकं झालंय.”

दुसऱ्याच दिवशी दोघे तिथे गेली. पुढचे मला त्या दोघांच्या बोलण्यातून कळले. भिंतीवरच्या फळ्या काढून ठेवल्या होत्या आणि फर्मे खोक्यांत भरून सुतळीने बांधलेले होते. काका आणि पेंटर खोक्यांशेजारी बसले होते. सगळी हकिकत ऐकल्यावर दादा म्हणाला, “पेंटर, वेबसाइटवरची पाटी मला जरा वाचून दाखवा.”

“दिसतेय की समो...” म्हणता म्हणता पेंटरने जीभ चावली. मग त्याने एकेक पाटी वाचायला घेतली. पत्त्याच्या पाटीपाशी तो थांबला. “म्हणजे हे वाचायला तिथे कोणीतरी असावं लागतं.”

“शोधयंत्रापाशी तसं कोणी नसतं,” ताई हळूच म्हणाली.

“माझ्या पाट्यांनीच दुकान बुडवलं म्हणा.”

काकांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. “पाट्या चांगल्याच आहेत. फर्मा चुकला आपला.”

त्या संध्याकाळी मी फोल्डरमधून बाहेर आलो. ताईने मला उसवले आणि फोनच्या रुंदीत बसेल असे पुन्हा शिवले. माझा उजवा रकाना, ज्याचा मला फार तोरा होता, तो तिने उचलून तळाशी टाकला. दुखले, पण अक्षरे मोठी झाली. दादाने ऐकले. तीन ‘च्च’ झाले आणि चौथ्या वेळी नाही. पत्ता, फोन, कामाची माहिती, सगळे खऱ्या अक्षरांत आले. पेंटरच्या पाट्याही राहिल्या, फक्त प्रत्येकीसोबत दोन ओळी आल्या. त्या पेंटरने सांगितल्या आणि दादाने टाइप केल्या. “लाल पाटी, पिवळी कड, बुटाच्या टाचेसारखं वळण,” पेंटर सांगत होता आणि सांगताना पहिल्यांदाच हसला.

“उद्याच लोक येतील असं नाही,” ताईने बजावले. “यादीत वर यायला वेळ लागतो.” एक तारखेला एकोणीस दिवस होते. काकांनी सुताराला दिलेला निरोप काही मागे घेतला नाही. चौथ्या दिवशी फिरस्ता आला, सगळे वाचले आणि निघून गेला. नंतर काही नाही. आयुष्यात मी पहिल्यांदा घाबरलो.

महिन्याच्या शेवटच्या दुपारी त्या शिक्षिका दारात उभ्या राहिल्या, चौकटीला धरून. खुर्चीत बसून त्यांनी बूट काढला. झिजलेल्या तळात खडूच्या खोक्याचा पुठ्ठा चारपदरी घडी करून घातलेला होता.

“आठ महिने शोधतेय तुम्हाला,” त्या म्हणाल्या. “जुन्या गल्लीत दोनदा येऊन गेले. वाटलं, तुम्ही गेलात. काल सहज पुन्हा टाइप केलं, तर पत्ता आला.”

काकांनी कात्री घेऊन सुतळी कापली. पहिल्या खोक्यात नव्हता, दुसऱ्यात नव्हता. तिसऱ्याच्या तळाशी दोनशे चौदा सापडला. तो हातात घेऊन ते जमिनीवरच बसले आणि डोळे पुसत राहिले.

एक तारखेला सुतार आला. काकांनी त्याला फळ्या पुन्हा भिंतीवर ठोकायला सांगितल्या.

मित्रांनो, त्या शिक्षिकांनी पानावर पत्ता पाहिला, मला पाहिले नाही, आणि मला त्याचाच अभिमान आहे. मोठेपणी तुमच्यापैकी कोणी दुकान काढेल, कोणी शाळा, कोणी दवाखाना. तेव्हा टेम्प्लेट निवडताना त्याची चकाकी जरूर बघा, पण एकदा डोळे मिटून तो कोणाकडून तरी वाचूनही घ्या. चित्रासोबत दोन ओळी लिहा. आमच्यासारख्या जुन्यांना टाकून देण्याआधी दुरुस्त होतात का ते विचारा. यातले काही चुकले तर तुम्हाला लगेच कळणारही नाही. पण कुठेतरी कोणीतरी बुटात पुठ्ठा घालून तुम्हाला शोधत फिरत असेल.