काळ्या रंगाखालचा तडा

मित्रांनो, बीडजवळच्या पाली गावातल्या एका अंगणात, कडुलिंबाखाली उभी असलेली म्हातारी जीप तुम्हाला कधी दिसली, तर ती मीच. माझा हिरवा रंग आता कुठेकुठेच उरला आहे आणि ताडपत्रीचं छत तर कधीच फाटून गेलं. तरी इंजिन अजून एका हाकेला ओ देतं.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. जाड लोखंडाच्या दोन लांब पट्ट्या आणि त्यांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या, अशी माझी चासी आधी तयार झाली. चासी म्हणजे आमचा कणा. इंजिन, चाकं, स्टेअरिंग, माणसं, सगळा भार तिच्यावर. पण ती खाली अंधारात असते, म्हणून तिच्याकडे कुणी पाहत नाही.

गहिनीनाथने मला आणलं तेव्हा तो ऐन तिशीत होता. त्याचं शेत बिंदुसरा नदीच्या पलीकडे, खडकाळ चढावर. तिथे बैलगाडीसुद्धा कुरकुरायची. मी मात्र चारही चाकांनी माती धरून वर जायची. खताची पोती, पाण्याचे पिंप, आजारी माणसं, सगळं वाहिलं मी. गावातले लोक म्हणायचे, "गहिन्याची जीप लई खमकी हाय!" गहिनीनाथ बोनेटवर थाप मारायचा आणि मला उगीच उंच झाल्यासारखं वाटायचं.

मग एका हिवाळ्यात शेजारच्या शेतात उसाची ट्रॉली चिखलात रुतली. गहिनीनाथने माझ्या पुढच्या हुकाला साखळी लावली आणि उलट्या गिअरमध्ये हिसके द्यायला सुरुवात केली. शेवटच्या हिसक्याला ट्रॉली निघाली. लोकांनी शिट्ट्या वाजवल्या. त्या गलक्यात माझ्या आत 'कट्' असा बारीक आवाज झाला, तो कुणालाच ऐकू गेला नाही.

स्टेअरिंगचा डबा जिथे चासीला बोल्टांनी घट्ट बसवलेला असतो, तिथे मला तडा गेला होता. सुरुवातीला तो केसाएवढा होता. पुढे प्रत्येक खड्ड्यात तो थोडा थोडा सरकू लागला. वळताना 'कट्' वाजू लागलं. ते पहिल्यांदा ऐकलं छबुबाईने, गहिनीनाथच्या बायकोने.

"अवो, गाडी वळताना काहीतरी बोलती."

"जुनी हाय, बोलणारच," तो म्हणाला.

पण मनात शंका आली असावी. त्याने मला बीडला बंकट मिस्त्रीकडे नेलं. बंकटने खाली सरकून पाहिलं आणि हात पुसत बाहेर आला. "बॉडी उचलावी लागंल. तडा साफ करून वेल्डिंग, वरून पट्टी. तवर चालवू नका."

"बघू," गहिनीनाथ म्हणाला, आणि मला चालवतच घरी घेऊन आला.

त्याच्या मनात निराळाच बेत होता. दुसऱ्या दिवशी तो माझ्याखाली आडवा झाला. त्याने तड्यात पुट्टी भरली, घासून गुळगुळीत केली आणि वरून काळा रंग फासला. छबुबाई पाण्याची घागर घेऊन चालली होती. ती तिथेच थांबली.

"हे काय करायलात?"

"गंजू नये म्हणून रंग देतोय."

मित्रांनो, तो रंग गार होता, पण मला आतून भीतीने भाजल्यासारखं झालं.

नांदूरघाटचे रुद्रप्पा, किराणा दुकानदार, मला बघायला आले. सोबत त्यांची पत्नी दानम्मा. पावसाळ्यात वस्त्यांवर माल पोचवायला त्यांना माझ्यासारखीच गाडी हवी होती. रुद्रप्पांनी इंजिन ऐकलं, टायर दाबून पाहिले, वाकून खालीही नजर टाकली. काळाभोर रंग पाहून ते खूश झाले.

"लई निगा राखली बघा तुमी. काही खोट हाय का हिच्यात? असंल तर आताच सांगा."

"काहीच न्हाई," गहिनीनाथ म्हणाला.

व्यवहार ठरला. दानम्माने माझ्या कपाळावर भस्माची बोटं ओढली आणि म्हणाली, "पहिलं कपिलधारला जाऊ, मन्मथस्वामींचं दर्शन घेऊ, मग घरी."

छबुबाईने नवऱ्याला दाराआड घेतलं. मी उंबऱ्यापाशीच उभी होते, मला सगळं ऐकू आलं.

"त्या माणसाला सांगत कावून न्हाईत?"

"गप बस. सांगितलं तर कोण घेईल ही?"

ती बाहेर आली, डोक्यावरचा पदर नीट केला आणि सरळ माझ्या मागच्या सीटवर, दानम्माशेजारी जाऊन बसली.

"मी बी येते दर्शनाला. येताना एसटीनं येईन."

गहिनीनाथचा चेहरा उतरला. "तू कुठं चाललीस? उतर खाली."

"माणसं बसलीच हायेत की. मीच कावून उतरू?" ती त्याच्याकडे टक लावून म्हणाली.

तो क्षणभर दारात घुटमळला. मग येऊन स्टेअरिंगवर बसलेल्या रुद्रप्पांच्या बाजूला बसला.

ऊन कडक होतं. मांजरसुंब्याचा घाट मी चढले. प्रत्येक धक्क्याला पुट्टीचा एकेक तुकडा रस्त्यावर पडत होता. मागे दोघी बायका बोलत होत्या. म्हणजे दानम्मा बोलत होती, छबुबाई लोखंडी दांडी घट्ट धरून बसली होती. कपिलधारच्या फाट्याला वळताना 'कट्' वाजलं. या वेळी ते मोठ्याने वाजलं.

"स्टेरिंग जरा उशिरा वळतंय वाटतं," रुद्रप्पा म्हणाले.

गहिनीनाथने खांद्याच्या टॉवेलने मान पुसली. समोर उतार सुरू झाला होता. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला दगडी कठडा आणि त्याखाली खोल दरी. पुढे वळण दिसत होतं. माझा तडा आता तोंडासारखा उघडला होता. मला ओरडायचं होतं, पण गाडीला कुठला आवाज असतो?

"थांबवा!" गहिनीनाथ किंचाळला. "शेठ, ब्रेक मारा! वळू नका, चासी तुटलीय!"

रुद्रप्पांनी दचकून ब्रेक दाबला. त्याच वेळी स्टेअरिंगचा डबा जागचा निखळला. त्यांच्या हातातलं चाक गरगर फिरलं, माझी चाकं मात्र सरळच राहिली. मी घसरत जाऊन कठड्यावर आदळले. वरचे दोन दगड दरीत गेले. ते खाली पोचल्याचा आवाज यायला वेळ लागला.

कठड्याने मला धरलं. वेग थोडा जास्त असता, तर त्याने धरलं नसतं.

दानम्माच्या बांगड्या फुटल्या होत्या आणि मनगट वाकडं झालं होतं. छबुबाईने तिला खाली उतरवून पदराने हात बांधला. रुद्रप्पा माझ्याखाली वाकले. उरलेल्या पुट्टीवर त्यांनी नख फिरवलं, आणि उठले.

"मी विचारलं होतं तुमाला," ते एवढंच म्हणाले.



मला ओढत बंकटकडे नेलं. या वेळी माझी बॉडी उचलली गेली. काळा रंग गहिनीनाथने स्वतः खरवडला. तडा पुढे पळू नये म्हणून बंकटने त्याच्या टोकाला बारीक भोक पाडलं, कडा घासल्या, दोन्ही बाजूंनी वेल्डिंग भरलं, वरून पट्टी जोडली आणि लोखंड आपोआप निवू दिलं. मी पुन्हा सरळ उभी राहिले.

गाडी दुरुस्त झाली, हे सांगायला गहिनीनाथ नांदूरघाटला गेला. परत येऊन त्याने छबुबाईला सांगितलं, "शेठ म्हणले, गाडी चांगली झाली असंल. पण तुमच्याकडून आता न्हाई." दानम्माचं मनगट अजून नीट वळत नाही, हेही त्याने सांगितलं, खूप हळू आवाजात.

आता तो मला एकटाच चालवतो, शेतापुरता. रोज निघण्याआधी टॉर्च घेऊन माझ्याखाली सरकतो. परवा त्याने तो उजेड बराच वेळ एकाच जागी धरला. पट्टी जिथे संपते, तिथे केसाएवढी रेघ उमटली होती. मग तो उठला आणि त्याने छबुबाईला हाक मारली.

"जरा इकडं ये. बघ, मला दिसतंय ते तुला बी दिसतंय का."

ती वाकली. दोघांची डोकी माझ्या चाकाशेजारी होती.

"दिसतंय," ती म्हणाली. "आज काढू नका गाडी."

त्याने चावी तिच्या हातात दिली आणि शेताकडे पायी निघाला.

मित्रांनो, लोखंड मोडण्याआधी बोलतं. अगदी बारीक बोलतं. तुमच्या घरच्या गाडीत, सायकलीत, झोक्याच्या साखळीत असा आवाज आला, तर त्यावर रंग लावू नका आणि कुणाला लावू देऊ नका. मोठ्या माणसांना हाताला धरून आणा आणि खाली वाकायला लावा. ती वाकेपर्यंत गाडीत बसू नका.