बाजारच्या दिवशी एक

मी गोळी बोलतेय. बंदुकीची नाही, दवाखान्यातली. रंग पिवळा, आकार तुरीच्या दाण्यापेक्षाही लहान. नाव मात्र अंगापेक्षा मोठं : मेथोट्रेक्सेट.

माझा जन्म यंत्रात झाला. भुकटी आली, दाब पडला, मी झाले. माझ्यासारख्याच नऊ जणींबरोबर मला एका पाकिटात बंद केलं गेलं. गोळीला बालपण नसतं. थेट कामाला लागायचं, आणि कामाला लागलं की संपायचं.

माझं काम समजायला सोपं आहे. शरीरात ज्या पेशी भराभर वाढतात, त्यांचा वेग मी कमी करते. संधिवातात शरीराची फौज आपल्याच सांध्यांवर चालून जाते. मी तिला आवरते. त्यासाठी मला आठवड्यातून एकदाच घेतात. त्याहून जास्त घेतलं, की मी आवरत नाही, उजाड करते. तोंडाच्या आतलं अस्तर, रक्तातल्या पांढऱ्या पेशी, मला सगळं सारखंच. हे मी अभिमानानं सांगत नाही आणि शरमेनंही नाही. औषधाला माणूस ओळखता येत नाही. ते काम देणाऱ्यानं करायचं असतं.

छत्रपती संभाजीनगरातल्या एका दवाखान्यात, औषधांच्या खिडकीवरून मी नजमा मणियारच्या हातात आले. बोटांचे सांधे सुजलेले, मूठ पुरती मिटत नव्हती. चिठ्ठीवरचं इंग्रजी तिला वाचता येत नव्हतं. समजावून सांगायला राजनंदिनी सिस्टर होती. पैठण तालुक्यातल्या शेतकरी घरातली, नोकरीला नवीन. पेशंटला त्याच्या भाषेत सांगितलं पाहिजे, असं तिचं ठाम मत होतं. ‘आठवड्यातून एकदा’ म्हटलं की लोक वार विसरतात, हे तिनं पाहिलं होतं. म्हणून तिनं ते सोपं केलं.

“भाभी, ही रोज घ्यायची नाय बरं का. बाजार भरतो ना, त्या बाजारच्या दिवशी एक. बाजार नसंल तर नाय.”

“बाजारच्या दिवशी एक,” नजमानं घोकलं आणि हसली. “याद रहेगा. बाजार मैं कैसे भूलूंगी!”

राजनंदिनीही हसली. तिच्या घरी बाजार म्हणजे पाचोडचा, आठवड्यातून एकदा. त्या दिवशी भाजी येते, शेव येते. तिच्या दृष्टीनं सांगणं पूर्ण झालं होतं.

नजमा बांगड्या विकते. माल शहागंजातून उचलायचा, नवरा दाऊद रिक्षात पेट्या चढवणार, आणि मग आज पाचोड, उद्या लासूर स्टेशन, परवा बिडकीन, तेरवा करमाड. हे तिला दवाखान्यात कुणी विचारलं नव्हतं. हात दुखतात एवढंच विचारलं होतं, तेवढंच तिनं सांगितलं होतं.

तर मी बाजार हिंडू लागले. सकाळी दुकान मांडलं, की नजमा पाकीट काढायची, एक गोळी पाण्याबरोबर घ्यायची आणि गिऱ्हाइकाचा हात हातात घ्यायची. बांगडी चढवायला पंजा दाबावा लागतो; दुखायचं तिलाच जास्त, ओरडायचं गिऱ्हाईक.

“भाभी, हळू की! हात हाय माझा, भेंडी नाय.”

“भेंडी असती तर कवाच गेली असती बांगडी!”

माझ्या बहिणी एकेक करून गेल्या. मग नजमाचं तोंड आलं. चहा झोंबू लागला, भाकर गिळेना.

“गरमी है,” दाऊद म्हणाला. “मिरची बंद कर.” त्यानं गुलकंद आणून दिला. गुलकंदानं काही झालं नाही, कारण ती उष्णता नव्हती. ते आमचं काम होतं. नजमानं गोळी मात्र चुकवली नाही. सिस्टरनी सांगितलेलं ती नेमानं पाळत होती. पुढं ताप भरला. गिऱ्हाइकाला हाक मारायला आवाज निघेना, तेव्हा दाऊदनं तिला उचलून दवाखान्यात आणलं.

वॉर्डात गर्दी होती. डॉक्टर सुलेखांनी ताप पाहिला, तोंड पाहिलं, रक्त तपासायला पाठवलं. आधीची औषधं चालू ठेवा, म्हणाल्या आणि पुढच्या खाटेकडं वळल्या. त्या आठवड्यात राजनंदिनीची ड्युटी वॉर्डात लागली होती. तिनं नजमाला ओळखलं. दाऊदनं दिलेलं पाकीट हातात घेतलं. माझ्या पाठीवर तिचा अंगठा टेकला. अजून जरासा दाब, की मी बाहेर.

अंगठा थांबला. बाकीचे सगळे कप्पे रिकामे होते.

“भाभी, हे नवीन पाकीट आणलं का?”

“नाय. इथूनच मिळालेलं, तेच.”

“मग बाकीच्या गोळ्या?”

“खाल्ल्या ना. बाजारच्या दिवशी एक.”

“शेवटची कधी घेतली?”

“काल. करमाडला.”

“त्याच्या आधी?”

“बिडकीन.”

शेजारच्या खाटेवर लासूरच्या आवडाबाई होत्या. त्या फिसकन हसल्या. “अगं बाई, हिचा तर रोजच बाजार!”

“रोज कुठं?” नजमा दुखऱ्या तोंडानं म्हणाली. “जुम्म्याला दुकान नाय लावत. जुम्म्याला नाय घेतली.”

आवडाबाईंचं हसू विरलं. राजनंदिनी मला घेऊन डॉक्टरांच्या मागं धावली.

“मॅडम, ही गोळी थांबवा. आठवड्याची गोळी यांनी जवळजवळ रोज घेतलीय. आणि त्यांचं चुकलेलं नाय. मी सांगितलं तसंच केलंय त्यांनी.”

डॉक्टरांनी मला बंद केलं. रक्ताचा अहवाल आला. पांढऱ्या पेशी फार खाली गेल्या होत्या. माझा परिणाम उलटवणारं इंजेक्शन सुरू झालं. दाऊद दाराशी उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक सिस्टरला एकच विचारायचा, “बचेगी ना?” राजनंदिनी खोटा धीर देत नव्हती. “अजून सांगता येत नाय, भाई,” म्हणायची आणि पुढचं इंजेक्शन भरायला जायची.

पेशी हळूहळू वर आल्या. एका सकाळी नजमानं घोटभर चहा घेतला आणि दाऊदला म्हणाली, “ये चाय है के पानी?” दाऊद रडायला लागला.

घरी जायच्या दिवशी राजनंदिनी खाटेशी बसली. या वेळी तिनं सांगितलं कमी आणि ऐकलं जास्त. “भाभी, आता ही गोळी बंद. पण पुढं डॉक्टरांनी परत सुरू केलीच, तर कशी घेणार? तुम्ही मला सांगा.”

“जुम्मे के जुम्मे,” नजमा म्हणाली. “और सिस्टर, पहले पूछो तो सही, मैं करती क्या हूँ!”

यापुढं मला फारसं काही सांगायचं नाही. औषध देणाऱ्या हातांना एवढीच विनंती : सांगून झाल्यावर उठू नका. समोरच्याला विचारा, त्याचा दिवस कसा जातो, आणि तुमचं सांगणं त्याच्या तोंडून परत ऐका. तो नुसता मान हलवत असेल, तर अजून बसा.

पेशंटकडून परत आलेली गोळी दुसऱ्याला देत नाहीत. मी आता टाकाऊ औषधांच्या पिवळ्या पिशवीत आहे. गाडी आली की भट्टीत जाईन. गोळीचा शेवट पोटात व्हावा असा रिवाज आहे; माझा आगीत होईल. नजमा बाजारात एखाद्या पोरीचा पंजा दाबत असेल, आणि ती पोरगी ओरडत असेल.

मला चालेल. येते.