सभेतलं सभेत

खिडकीमागच्या बाबूने पीएच.डी.चा अर्ज वाचला आणि चष्म्यावरून वासंतीकडे पाहिलं. "मॅडम, एम.कॉम. की मार्कशीट?"

"एम.कॉम. नाही झालं. मी कंपनी सेक्रेटरी आहे."

"वो तो नौकरी हुई. डिग्री?"

वासंतीला याची सवय होती. मिरजेला तिच्या नणंदेला अजूनही वाटायचं, की वहिनी कुणा शेठजीच्या केबिनबाहेर बसून पत्रं टाइप करते. तिने संस्थेचंच माहितीपत्रक उघडून खिडकीतून आत सरकवलं. पीएच.डी.साठी पदव्युत्तर पदवी हवी, किंवा तिच्या बरोबरीची व्यावसायिक पात्रता. आणि त्या पात्रतांमध्ये तिची पात्रता स्वच्छ छापलेली होती. बाबूने ओळीखाली बोट फिरवत ती दोनदा वाचली.

"लो, ये तो आज पता चला," असं म्हणून त्याने शिक्का मारला.

ती पात्रता मिळवायला वासंतीला तीन शहरं लागली होती. नवरा, उमाकांत, विमा कंपनीत अधिकारी. त्याची बदली झाली की घर उठायचं. पहिली परीक्षा अकोल्याला दिली, मधली रायपूरला, त्यानंतर लेकीचा, अनुयाचा, जन्म झाला, आणि शेवटचे पेपर ग्वाल्हेरला. प्रत्येक बदलीत फ्रिज आणि कपाटं ती हमालांवर सोपवायची, पण कंपनी कायद्याच्या पुस्तकांचं खोकं स्वतः ट्रकमध्ये चढवायची. जयपूरला आल्यावर मुरलीपुऱ्यात घर घेतलं आणि तिने स्वतःचं काम सुरू केलं. विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्रातल्या लहानमोठ्या कंपन्या, बहुतेक भावाभावांच्या नाहीतर बापलेकांच्या. त्यांच्या संचालकांच्या सभा नियमाप्रमाणे होतात ना ते पाहायचं, सभेचं इतिवृत्त लिहायचं, सरकारकडे जायची कागदपत्रं वेळेत पाठवायची.

या कामात एक गोष्ट तिच्या मनात रुतून बसली होती. संचालकाने विरोध केला तर तो इतिवृत्तात आला पाहिजे, असा कायदा. पण घरच्या कंपन्यांत विरोध व्हायचा तो सभेआधी, चहाच्या वेळी, नाहीतर सभेनंतर, गाडीत. विशेषतः सुनांचा. कर वाचवायला किंवा बँकेच्या कर्जासाठी त्यांना संचालक केलेलं असायचं, आणि सभेत त्या मान डोलावायच्या. काही ठिकाणी तर सभेचं इतिवृत्त सभेआधीच तयार असे. कायदा ज्याला विरोध म्हणतो तो नेमका कुठे हरवतो? पन्नाशी उलटल्यावर हाच प्रश्न घेऊन शिकायचं तिने ठरवलं होतं.

मुलाखतीच्या आधीच्या रविवारी अनुयाने तिची तालीम घेतली. अनुया नुकतीच भौतिकशास्त्रात पदवीधर झाली होती आणि प्रश्न विचारण्यात तिचा हात कुणी धरला नसता. जेवणाच्या टेबलाशी प्रोफेसरासारखी बसून तिने आईचा संशोधन-आराखडा उघडला.

"आई, यात सगळीकडे 'असे आढळून आले', 'अशी नोंद घेण्यात आली'. मतलब, आढळलं कुणाला? तुला ना?"

"इतिवृत्त असंच लिहितात गं. सेक्रेटरीने स्वतःचं मत लिहायचं नसतं."

"हे इतिवृत्त नाहीये." मग तिने विचारलं, "चहात थर्मामीटर घातला ना, की चहाची थोडी उष्णता तोच घेतो. मतलब, मोजायला गेलो की जे मोजायचं तेच थोडं बदलतं. तू खोलीत असलीस की सभा बदलते का?"

इतकी वर्षं खोलीत बसून वासंतीला हे सुचलं नव्हतं.

"माहीत नाही," ती म्हणाली.

"मग ते लिही ना. माहीत नाही हे पण चालतं."

"आता प्रोफेसरसाहेबांनी चहा पिऊन घ्यावा," उमाकांत आतून म्हणाला. "थर्मामीटर काढून."

मुलाखतीला समोर तिघे होते. मधले डॉ. शेखावत विभागप्रमुख. उंच, बारीक, आणि आवाज इतका शांत की टोमणासुद्धा चौकशीसारखा वाटावा. पात्रतेचा प्रश्न त्यांनी काढलाच नाही.

"कागद ठीक आहेत," ते हिंदीत म्हणाले. "पण मॅडम, एम.कॉम. केलेली मुलं येतात तेव्हा त्यांनी निदान एक प्रबंधिका लिहिलेली असते. तुम्ही काय आणलंत?"

"कामाचा अनुभव, सर."

"छान. मग एखादा प्रसंग सांगा. विरोध झाला, आणि तो कागदावर आला किंवा आला नाही, असा एक. म्हणजे आम्हाला कळेल की तुम्ही नुसतं टिपून घेत होतात की बघतही होतात."

प्रसंग होता. एकच नव्हे, पण एक असा, की तो सांगितला असता तर खोलीतल्या तिघांनीही खुर्च्या पुढे ओढल्या असत्या. तो वासंतीच्या डोळ्यांसमोर जसाच्या तसा उभा राहिला. कुणापुढचा चहा गार झाला होता हेसुद्धा तिला आठवत होतं. शब्द जिभेपर्यंत आले.

"सर, तो मला सांगता येणार नाही," ती म्हणाली.

"नाव घेऊ नका."

"नाव न घेताही नाही. जयपुरात उद्योग सांगितला की कंपनी कळते, आणि कंपनी कळली की घर कळतं. सभेत मी ज्या नात्याने बसते, त्या नात्याने ऐकलेलं मला बाहेर नेता येत नाही."

उजवीकडच्या बाईंनी पेन खाली ठेवलं. डॉ. शेखावत खुर्चीत मागे रेलले.

"म्हणजे वीस वर्षांचा अनुभव आहे, पण तो कुलपात आहे. आणि त्या कुलपावर आम्ही तुम्हाला प्रवेश द्यायचा?"

त्यांच्या डावीकडचा तरुण सदस्य हसला. घरी लेक काय म्हणेल, अर्जावर शिक्का मारणारा बाबू काय म्हणेल, असलं काहीबाही वासंतीच्या मनात आलं. एक प्रसंग, थोडा इकडचा तिकडे करून, आणि जागा हातात. कुणाला कळलं असतं? पण तिला कळलं असतं, आणि उद्या त्या घरात सभेला बसायचं तिलाच होतं.

"नाही सर," ती म्हणाली. "कुलपावर नको, प्रश्नावर द्या. प्रश्न माझा आहे, तो मी बाहेर आणू शकते."

"आणा."

"मला वाटतं, विरोध नोंदवायचा की नाही हे सभेत ठरतच नाही. खोलीत कोण बसलंय यावर ते ठरतं. मी ज्या कंपन्यांचं काम करते त्यांतली एकही मी अभ्यासात घेणार नाही. मला अनोळखी कंपन्या लागतील. काहींत पात्र सेक्रेटरी सभेत बसतो, काहींत घरचाच माणूस लिहून काढतो. दोन्हीकडच्या संचालकांना, म्हणजे सुनांनाही, मी एकेकट्याला भेटेन. आपलं बोलणं द्यायचं की नाही ते ज्याचं त्याने ठरवायचं. ते त्यांचं आहे, माझं नाही."

"आणि दोन्हीकडे फरक नाही दिसला तर?"

"तर मला इतकी वर्षं जे वाटत आलं ते चूक, असं लिहीन."

"तुमच्या स्वतःच्या बसण्याने सभेत काही फरक पडतो का?" बाईंनी मध्येच विचारलं.

वासंतीला हसू आलं, ते तिने लपवलं नाही. "माहीत नाही, मॅडम. मला तेच शोधायचंय. पण माझ्यावरून मला ते कळणार नाही, म्हणून दुसऱ्यांच्या खोल्या हव्यात."

मग प्रश्नांचा सूरच बदलला. किती कंपन्या, निवडणार कशा, सासरे समोर बसले असताना सून बोलेल का, नकार आला तर काय. काहींची उत्तरं तिच्याकडे होती. दोन ठिकाणी तिने "यावर विचार केलेला नाही" असं सरळ सांगितलं. निघताना डॉ. शेखावत उठून उभे राहिले.

"एक सांगतो. तुम्ही तो किस्सा सांगितला असता तर आम्ही मजेने ऐकला असता," ते म्हणाले. "पण मग माझ्या ओळखीच्या एकाही कंपनीचं दार मी तुम्हाला उघडून दिलं नसतं."

निकाल पुढच्या आठवड्यात ईमेलवर आला. अनुयाने तो मोठ्याने वाचला, मग आईच्या गळ्यात पडून पुन्हा वाचला. प्रवेश मिळाला होता. मार्गदर्शक म्हणून उजवीकडच्या त्या बाई होत्या, आणि शेऱ्यात एकच वाक्य: उमेदवाराने संशोधनाची पद्धत अधिक नेमकी करावी. वासंतीला तो शेरा फार आवडला. काम वाढवणारा शेरा म्हणजे आपल्याला कामात धरलंय, एवढं तिला कळत होतं.

संध्याकाळी उमाकांत मिठाईवाल्याकडून पनीर-घेवर घेऊन आला आणि डबा उघडण्याआधी बायकोसमोर बसला.

"वासंती, आता तर घोडं गंगेत न्हालं. मला तरी सांग. काय झालं होतं त्या सभेत?"

"नाही हं."

"अगं, मी काय संचालक आहे कुणाचा? नवरा आहे तुझा."

"म्हणूनच नाही. तुम्ही सकाळी बागेत फिरायला कुणाकुणाबरोबर जाता ते ठाऊक आहे मला."

"डॉक्टर झालीस तरी नाही?"

"तरी नाही."

उमाकांतने दोन मिनिटं तोंड पाडून बसायचा प्रयत्न केला, पण तो काही जमला नाही. फोन उचलून त्याने मिरजेला बहिणीला लावला. वासंती घेवर कापत होती, आणि बाहेरच्या खोलीतून त्याचा आवाज येत होता. नेहमीच्या फोनवरच्या आवाजापेक्षा कितीतरी मोठा.

"नाही गं सुधा, टायपिंग नव्हे. कायद्याचं काम. त्याच पात्रतेवर पीएच.डी.ला घेतलंय तिला, वर दुसरी डिग्री मागितली नाही. हो, मुलाखत झाली ना. मोठमोठे प्रोफेसर समोर बसले होते, त्यांनी खोदून खोदून विचारलं. नाही सांगितलं. काय म्हणजे? ते मला कुठे माहीत? मी नवरा असून मला सांगत नाही ती." मध्ये जरा थांबून, ऐकून घेऊन, तो आणखी खुलला. "अगं, मी आत्ताच विचारून पाहिलं. साफ नाही म्हणाली."